आधी पायधूळ झाडा, मग आत या: वाइपोउआचं कौरी जंगल कसं जपतात

"या एकदा, पायधूळ झाडा आमच्याकडे" असं आपण किती सहज म्हणतो ना. न्यूझीलंडमधे एक जंगल आहे तिथे हे शब्दशः करावं लागतं, म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधी बुटाला चिकटलेला मातीचा कण न कण खरवडून, घासून काढायचा आणि मगच आत जायचं. आणि हे नुसती स्वच्छता म्हणून नाही, त्या जंगलातली हजार-दीड हजार वर्षांची झाडं जगणार का मरणार हे बऱ्यापैकी त्यावर अवलंबून आहे. मला हा विषय गेले कित्येक दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, कारण "जंगल वाचवा" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुऱ्हाड आणि वणवा येतो, बूट येत नाही.

जंगलाचं नाव वाइपोउआ. ऑकलंडच्या उत्तरेला नॉर्थलँड म्हणून भाग आहे, त्याच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. तिथली मुख्य झाडं कौरीची. कौरी हे सूचिपर्णी कुळातलं, म्हणजे पाइन-देवदाराचं लांबचं नातेवाईक, पण पानं सुईसारखी नाहीत, जाडसर आणि चपटी असतात. नैसर्गिकरीत्या हे फक्त न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या वरच्या भागातच वाढतं. वाइपोउआतलं सगळ्यात प्रसिद्ध झाड म्हणजे ताने माहुता. उंची जवळपास 51 मीटर, बुंध्याचा घेर 13 मीटरच्या वर, आणि पहिली फांदी फुटते तीच साधारण 17-18 मीटरवर, म्हणजे सहा मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून तुम्ही बघताय आणि समोर अजून नुसतं खोडच आहे. वय नक्की सांगता येत नाही, अंदाज साडेबाराशे वर्षांपासून अडीच हजारांपर्यंत जातात. त्याच जंगलात 'ते मातुआ नाहेरे' नावाचं दुसरं झाड आहे, नावाचा अर्थ जंगलाचा बाप, उंचीला ते कमी पण घेर त्याहून मोठा, 16 मीटरच्या पुढे.

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळचे रहिवासी, त्यांच्या कथेत ताने हा जंगलाचा देव. आकाश-बाप रांगी आणि धरती-आई पापा एकमेकांना इतके घट्ट बिलगून होते की मुलांना उजेडच मिळेना, तेव्हा तानेने खांदे आईला टेकवले, पाय वर केले आणि बापाला ढकलत ढकलत वर नेलं आणि मधे जग उघडलं. त्या खोडाखाली मान वर करून उभं राहिलं की हे तानेचे पाय आहेत हे कोणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक कथा आहे ती तर इतकी सुंदर आहे. देवमासा कौरीला म्हणाला, चल माझ्याबरोबर समुद्रात, इथे राहिलास तर माणसं तुला तोडून तुझ्या होड्या करतील. कौरी म्हणालं, नको, मी इथेच बरा. मग दोघांनी आठवण म्हणून एकमेकांची कातडी बदलून घेतली, त्यामुळे कौरीची साल देवमाशासारखी करडी आणि गुळगुळीत, आणि आत डिंक भरलेला, जसं देवमाशात तेल.

आणि देवमासा म्हणाला तसंच झालं की. कौरीचं लाकूड सरळ, लांबच लांब, गाठी जवळपास नाहीतच, कारण हे झाड वाढता वाढता खालच्या फांद्या स्वतःच गाळून टाकतं. माओरींनी त्याच्या होड्या केल्या, नंतर युरोपियन आले आणि जहाजांच्या डोलकाठ्यांपासून घरांपर्यंत सगळ्याला कौरी, आणि डिंकसुद्धा वॉर्निश आणि लिनोलियमसाठी परदेशात जायला लागला. माणसं येण्याआधी सुमारे 12 लाख हेक्टरवर कौरीचं जंगल होतं असं मानतात, त्यातलं जुनं, कधीच न तोडलेलं आज जेमतेम सात-साडेसात हजार हेक्टर उरलंय. टक्केवारी काढायला गेलात तर एक टक्कासुद्धा येत नाही. वाइपोउआची जमीन सरकारने 1876 मधे विकत घेतली, तिथले मूळचे लोक म्हणजे 'ते रोरोआ' ही माओरी जमात, आणि जमिनीच्या त्या व्यवहारांबद्दलचं त्यांचं गाऱ्हाणं पुढे शंभर वर्षांहून जास्त चाललं, शेवटी 2008 मधे कायदा करून तडजोड झाली. मधे 1940 च्या दशकात तिथली तोड थांबवायला सामान्य लोकांनी मोठी सह्यांची मोहीम केली आणि 1952 मधे वाइपोउआ अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे कुऱ्हाडीचा प्रश्न सुटला.

आता बुटाचा प्रश्न.

आधी हे झाड जमिनीखाली कसं जगतं ते बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. इतकं अवाढव्य झाड म्हणजे मुळंही पाताळात गेली असणार असं वाटतं. धरून ठेवणारी मुळं खोल जातात हे खरं, पण जेवणारी मुळं, म्हणजे अन्नपाणी ओढून घेणारी ती केसासारखी बारीक मुळं, अगदी वरच्या थरात असतात, पानांच्या कचऱ्याखाली लगेच. कौरीची साल पापुद्र्यासारखी सतत गळत असते, त्यामुळे वेली आणि बांडगुळासारखी झाडं खोडावर नीट टिकत नाहीत, आणि हे पापुद्रे आणि पानं साचून बुंध्याभोवती जाड, मऊ, आंबट गुणधर्माचा थर तयार होतो. झाड स्वतःचंच गाळलेलं परत खातं म्हणा ना. आणि ही मुळं पसरतात ती फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर. म्हणून झाडापासून बऱ्याच लांब, साध्या मातीवर तुम्ही उभे असता आणि तुम्हाला वाटतं मी तर झाडाला हातही लावला नाही, पण खाली तुम्ही त्याच्या जेवणाच्या ताटात उभे असता.

नुसत्या चालण्यानेसुद्धा ही मुळं दबतात, चिरडतात, माती घट्ट होते, पाणी-हवा जाईना होते. पूर्वी लोक झाडाला मिठी मारून फोटो काढायचे, प्रेमानेच, त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. 2013 च्या एप्रिलमधे दुष्काळ पडला तेव्हा ताने माहुताला जवळच्या ओढ्यातून 10,000 लिटर पाणी घालावं लागलं होतं, हजार वर्षांहून जुन्या झाडाला बाळासारखं पाणी पाजावं लागलं, एवढी ती वरवरची मुळं नाजूक.

हे सगळं तरी निभावलं असतं, पण या मुळांना लागणारा एक रोग आहे, कौरी डायबॅक. तो करणाऱ्या जीवाचं शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा. फायटोफ्थोरा म्हणजे झाडांचा नाश करणारा आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ सरळ कौरी मारणारा, इतकं स्पष्ट नाव. दिसायला बुरशीसारखा असला तरी ही खरी बुरशी नाही, याला वॉटर मोल्ड म्हणतात, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी याचं नातं जास्त जवळचं, त्यामुळे बुरशीवर चालणारी औषधं याच्यावर चालतीलच असं नसतं. याचाच एक भाऊबंद 1840 च्या दशकात आयर्लंडमधे बटाट्याचं पीक खाऊन गेला आणि त्या दुष्काळात लाखो माणसं गेली, म्हणजे खानदान कसलं आहे ते समजलं असेल.

हा पसरतो कसा? दोन रूपं आहेत याची. एक रूप झोपलेलं, जाड कवचाचे बीजाणू, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, उन्हातान्हाने सहज मरत नाहीत. दुसरं रूप जागं. माती ओली झाली की पोहणारे बीजाणू सुटतात, त्यांना चक्क दोन शेपट्या असतात, आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून ते पोहत जातात, कौरीच्या मुळातून जे रस पाझरतात त्यांचा माग काढत. मुळाला चिकटले की आत शिरतात, मुळं कुजवत कुजवत बुंध्याकडे येतात आणि झाडाचा अन्नपाण्याचा रस्ताच तोडून टाकतात. वरून काय दिसतं तर पानं पिवळी, शेंडा विरळ, बुंध्याशी डिंकाचे ओघळ. झाड उपाशी मरत असतं. आणि दिसायला लागतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं, कधीकधी लागण होऊन वर्षं उलटलेली असतात. लहान रोप असो की हजार वर्षांचं, भेदभाव नाही, आणि लागण झालेली बहुतेक झाडं मरतात.

पण पोहून हा जीव जाणार किती लांब? फार तर थोडंसं अंतर. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तो स्वतः जाऊ शकत नाही, त्याला कोणीतरी न्यावं लागतं. रानडुकरं नेतात हे खरं आहे, माती उकरतात आणि पायाला लावून फिरतात, गुरं नेतात. आणि आपण नेतो. टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरते. आत्ता घरात असाल तर एकदा ट्रेकिंगचा बूट उलटा करून बघा, सोलच्या खाचांत मागच्या ट्रेकची वाळलेली माती अडकलेली दिसेल, ती टाचणीच्या डोक्याच्या किती पट आहे ते बघा. आता तोच बूट घालून एखादा माणूस शनिवारी रोग लागलेल्या जंगलात फिरला आणि रविवारी वाइपोउआत आला, त्याने काहीच वाईट केलेलं नाही, एक पान तोडलं नाही, कचरा केला नाही, जंगलावर त्याचं मनापासून प्रेम आहे म्हणूनच तर दोन दिवस दोन जंगलं फिरला. तरी काम झालं.

हा रोग 1970 च्या दशकात ग्रेट बॅरियर बेटावर पहिल्यांदा लक्षात आला होता, पण तेव्हा तो दुसऱ्याच ओळखीच्या जातीचा समजला गेला. 2006 मधे ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगरांत झाडं मरताना दिसली तेव्हा परत शोध सुरू झाला, आणि हा वेगळाच जीव आहे हे कळून त्याला रीतसर नाव मिळालं ते 2015 मधे. नाव मिळायला चाळीसेक वर्षं. तेवढ्या वेळात किती बूट कुठे कुठे गेले असतील. वाइपोउआतही तो आहे, ताने माहुतापासून साधारण 60 मीटरवरच्या झाडात तो सापडल्याचं 2018 मधे समोर आलं. 60 मीटर म्हणजे काय, चालत एक मिनिट.

मग सरळ बंदच का करत नाहीत, असा प्रश्न येतोच. काही ठिकाणी केलंय. वाइताकेरेत तिथल्या 'ते कावेराउ आ माकी' या माओरी समाजाने 2017 च्या डिसेंबरमधे राहुई जाहीर केली. राहुई म्हणजे एखादी जागा काही काळासाठी वर्ज्य करणं, तिला श्वास घेऊ देणं, ही त्यांची फार जुनी पद्धत. सुरुवातीला सगळ्यांनी मानली नाही, लोक जातच राहिले, मग 1 मे 2018 पासून ऑकलंडच्या महापालिकेने जंगलाचा भाग अधिकृतपणे बंद केला आणि नंतर पायवाटा दुरुस्त होतील तशा एकेक करून उघडायला लागले. मला यातलं एक फार पटतं, की आधी त्या जागेच्या माणसांनी सांगितलं आणि कायदा मागून आला.

वाइपोउआची गोष्ट वेगळी. ताने माहुता हायवेच्या इतकं जवळ आहे की गाडी लावली आणि काही मिनिटं चाललं की समोर, कारण 1920 च्या दशकात रस्त्याचं काम तिथूनच गेलं. पूर्ण बंद ठेवायचं म्हटलं तरी लोक गाडी थांबवून झुडपातून घुसणार, आणि वाटेशिवाय घुसलेला माणूस वाटेवरच्या माणसापेक्षा कितीतरी घातक. शिवाय माओरी लोकांत दोन शब्द जोडीने येतात. एक काइतिआकितांगा, म्हणजे राखणदारी, जी पिढ्यानपिढ्या चालत आलेली जबाबदारी आहे. दुसरा मानाकितांगा, म्हणजे पाहुण्याचं आतिथ्य, त्याचा मान राखणं. यजमान म्हणून दार उघडायचंय आणि राखणदार म्हणून दारात उभंही राहायचंय. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं हाच खरा कठीण भाग आहे, आणि वाइपोउआत त्याचं उत्तर त्यांनी माणसाच्या पायाशी शोधलंय.

जंगलाच्या तोंडाशी सफाईचं स्टेशन आहे. त्यात शिरल्याशिवाय पुढे वाटच नाही अशी रचना, बाजूने जाता येत नाही. आधी ब्रशवर बूट घासायचे, खाली, कडेला, टाचेशी. मग पाय उचलून सोल बघायचा. आणि मग जंतुनाशक. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि नेमकं इथेच लोक चुकतात, घाईत दोन सेकंद फवाऱ्यावर पाय धरतात आणि निघतात. जंतुनाशक मातीच्या ढेकळाच्या आत पोचत नाही, वरचा थर ओला होतो आणि आतला बीजाणू मजेत राहतो. म्हणून ऐंशी टक्के काम ब्रशचं आहे असं समजा. आणि फक्त बूट नाही, चालायच्या काठीचं टोक, बाबागाडीची चाकं, जमिनीवर टेकवलेली सॅक, जे जे मातीला लागलं ते सगळं.

तिथे 'ते रोरोआ' जमातीची माणसं उभी असतात, येणाऱ्याचं स्वागत करायला. हे मला सगळ्यात आवडलेलं आहे. कारण नुसता बोर्ड लावला असता की "बूट साफ करा", तर किती जणांनी वाचला असता? आपण सगळे बोर्डांच्या बाजूने रोज जातोच. पण समोर एक माणूस आहे जो म्हणतो या, हे आमचं झाड आहे, हे आमच्या पूर्वजासारखं आहे, आणि आत जायच्या आधी एवढं करा, तर कोण नाही म्हणेल? पाहुणा म्हणून आलेला माणूस पाहुण्यासारखा वागायला लागतो. मला वाटतं कितीही पैसा ओतलेल्या जाहिरातीने हे झालं नसतं.

पुढची वाट लाकडी, जमिनीपासून उचललेली. ही नुसती चिखल लागू नये म्हणून नाही. पाय मातीला लागतच नाहीत म्हणून माती येतही नाही आणि जातही नाही, वजन खांबांवर जातं म्हणून मुळं दबत नाहीत, आणि पावसाचं पाणी खालून आपल्या वाटेने जातं. साधी मातीची पायवाट पावसात काय होते आठवा, लोक चिखल टाळायला कडेने चालतात, वाट रुंद होत जाते, दरवर्षी एकेक हात जंगल खात. कठड्याच्या आतूनच झाड बघायचं, खोडाला हात लावता येत नाही, काहींना याचं वाईट वाटतं, पण तिथून नजर वर नेली की समजतं हात लावून काही वेगळं मिळालं नसतं. आणि ज्या वाटा अशा बांधता येत नाहीत त्या बंद केल्या किंवा कौरीपासून लांब वळवल्या.

कायद्याचं थोडक्यात. 2 ऑगस्ट 2022 पासून देशभरासाठी नियम लागू झाले. कौरीच्या जंगलात जाताना पादत्राणं आणि सामान मातीपासून स्वच्छ असणं बंधनकारक, स्टेशन असेल तर वापरणं बंधनकारक, गुरं आत सोडायची नाहीत, आणि कौरीच्या आसपास खणकाम करायचं तर आधी जोखमीचा आराखडा. "आसपास" म्हणजे किती हेही ठरवलंय, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत. वर मुळांबद्दल लिहिलं ते आठवलं की हा आकडा कुठून आला ते समजतं.

औषध आहे का? पूर्ण बरं करणारं नाही. फॉस्फाइट नावाच्या रसायनाची इंजेक्शनं खोडात देतात, त्याने झाडाची स्वतःची झुंजायची ताकद वाढते आणि रोग मंदावतो, पण एकेका झाडाला टोचत जायचं आणि डोस चुकला तर झाडालाच अपाय, अख्ख्या जंगलाला हे कसं पुरणार. दुसरीकडे माओरींच्या पारंपरिक ज्ञानाचा धागा धरूनही काम चाललंय. कानुका नावाचं तिथलंच एक झुडूप आहे, कौरीची पोरं बऱ्याचदा त्याच्याच सावलीत वाढतात, त्याच्या पानांतले काही घटक त्या पोहणाऱ्या बीजाणूंवर परिणाम करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. आणि देवमाशाची गोष्ट आठवतेय ना, त्या भावकीच्या नात्यावरून देवमाशाचं तेल आणि हाडं वापरून कौरीवर उपचार करणारे माओरी वैद्यही आहेत. कशातून काय निघेल ते पुढे दिसेल, पण औषध मिळेपर्यंत झाडं उभी ठेवायचीत आणि तो वेळ ब्रश मिळवून देतोय.

एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे परत येताना. झाड बघून झालं, फोटो झाले, जेवायची वेळ झालीये, आता कुठे परत बूट घासायचे. पण वाइपोउआत रोग आहेच, म्हणजे जाताना तुम्ही तिथली माती बाहेर नेऊ शकता, आणि त्याच रस्त्याने थोडं दक्षिणेला ट्राउनसन म्हणून दुसरं छोटं कौरी जंगल आहे, तिथे किवी पक्षी आहेत, रात्री काळोखात त्यांचा आवाज ऐकायला लोक जातात, बहुतेक वेळा त्याच दिवशी, तेच बूट घालून.